मदत हवी आहे: पीडब्ल्यूएमवर (सप्लाय वेगाने चालू-बंद करून पॉवर कमी करण्याची पद्धत) हीटर कॉइलची पॉवर कशी मोजावी?

नायक्रोमची कॉइल, 12 व्होल्ट डीसी सप्लाय. पूर्ण चालू असताना सप्लायच्या टोकांवर 12.0 व्होल्ट, कॉइलच्या टोकांवर 11.4 आणि करंट 3.8 अँपिअर. म्हणजे रेझिस्टन्स 11.4 ÷ 3.8 = 3.0 ओहम, पॉवर 43.3 वॅट. उरलेले 0.6 व्होल्ट वायर आणि कनेक्टरमध्ये जातात, म्हणजे तिथे जवळपास 2.3 वॅटची उष्णता. (12.0 धरून गणित केलं तर कॉइलची पॉवर 45.6 वॅट येते, ती चूक.) थंड कॉइल मीटरच्या ओहम रेंजवर 3.2 दाखवते; प्रोब एकमेकांना टेकवल्यावर येणारे 0.3 वजा केले की 2.9. गरम नायक्रोमचा रेझिस्टन्स किंचित वाढतो, तेव्हा इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. 100 हर्ट्झ पीडब्ल्यूएम, 50 टक्के ड्यूटी (म्हणजे अर्धा वेळ चालू). डीसी रेंजवर कॉइलवर 5.7 व्होल्ट आणि 1.9 अँपिअर. भागाकार अजूनही 3.0 ओहम, पण गुणाकार 10.8 वॅट! अर्धा वेळ 43.3 वॅट मिळत असतील तर सरासरी 21.7 यायला हवी. दोन सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे पॉवरची सरासरी नव्हे, हे कळतं. ट्रू आरएमएस मीटर (व्होल्टेजच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ दाखवणारा) एसी रेंजवरही 5.7 व्होल्टच दाखवतो, बहुधा डीसी भाग गाळून.

मग √(5.7² + 5.7²) = 8.06 व्होल्ट, त्याचा वर्ग भागिले 3.0 = 21.7 वॅट, ही पद्धत 5 टक्के ड्यूटीलाही भरवशाची राहील का? की अरुंद पल्सला मीटरचा क्रेस्ट फॅक्टर (शिखर आणि आरएमएस यांच्या गुणोत्तराची मर्यादा) आडवा येईल? ऑसिलोस्कोपशिवाय उपाय सुचवा.