अमेरिका-रशियाची स्पर्धा विचारसरणीची होती का नुसती सत्तेची?

खानापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बीए शेवटच्या वर्षाला आहे, इतिहास घेतलाय, १९४५ नंतरच्या जगाचा एक पेपर आहे आणि त्यात दोन महासत्तांच्या स्पर्धेचं स्वरूप सांगा हा प्रश्न हमखास येतोय. नोट्स बघितल्या तर सगळीकडं तेच, भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद, मग ट्रूमन, मार्शल प्लॅन, नाटो, वॉर्सा, क्युबा, संपलं. मला काय पटंना झालंय. हिटलरविरुद्ध हेच दोघं खांद्याला खांदा लावून लढले की, तेव्हा विचारसरणी कुठं आडवी आली? आणि एवढे अणुबॉम्ब करून ठेवले, चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकमेकांकडं डोळे वटारून बसले पण समोरासमोर उघड युद्ध काय केलं नाही. मग हे नेमकं होतं तरी काय? पाठ करून लिहायचं नाही मला, समजून लिहायचंय.

निपाणीचे_मास्तर

प्रश्न चांगला विचारलास बाळा, पण विचारसरणी एकदम कचऱ्यात टाकू नकोस. एकच उदाहरण घे. १९४७ ला अमेरिकेनं मार्शल प्लॅन जाहीर केला, पुढं त्यातून पश्चिम युरोपला साधारण १३ अब्ज डॉलर मिळाले. सुरुवातीला निमंत्रण पूर्व युरोपलाही होतं, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यायच्या तयारीत होते, चेक लोकांनी तर होकार कळवलाही होता. स्टालिननं जुलैमध्ये त्यांना मॉस्कोला बोलावून नाही म्हणायला लावलं. आता नुसता फायद्या-तोट्याचा हिशेब असता तर युद्धात बेचिराख झालेल्या देशांना पैसा नको का होता? पण त्या पैशाबरोबर बाजार येणार, हिशेबाची कागदपत्रं दाखवावी लागणार, अमेरिकेशी देवाणघेवाण वाढणार, आणि एक पक्ष एक योजना ही व्यवस्था त्यात टिकणार नाही ही भीती होती. म्हणजे भीती सत्ता जायचीच, पण ती कुठल्या वाटेनं जाईल हे विचारसरणी ठरवत होती. दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे, सोडवून वेगळं करता येत नाही.

सांबरेकर

मास्तर, तुमचा मुद्दा युरोपपुरता मान्य. पण खानापूरच्या पोरानं आपल्या दारातलं उदाहरण का सोडावं? डिसेंबर १९६१. गोव्याच्या कारवाईसाठी फौज जमली ती बेळगावात, मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली, आणि विमानं बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर. आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, लष्कराच्या गाड्यांची रांग संपता संपत नव्हती, रात्री दिवे मालवून गाड्या जायच्या आणि लोक उंबऱ्यात उभं राहून बघायचे. १८ तारखेला फौज गोव्यात शिरली आणि त्याच दिवशी तिकडं न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला की लढाई थांबवा आणि भारतानं फौजा मागं घ्याव्यात. बाजूनं ७ मतं, विरोधात ४. ठराव पास झालाच असता, पण त्या ४ मध्ये सोव्हिएत युनियन होतं आणि त्यांनी नकाराधिकार वापरला. रशियाचे नेते ब्रेझनेव्ह त्या दिवसांत भारताच्या दौऱ्यावरच होते बघा.

आता गंमत नाही, हे खरंच विचार करण्यासारखं आहे. अमेरिका स्वतः एकेकाळची ब्रिटिशांची वसाहत, लढून स्वतंत्र झालेली. मार्च १९६१ मध्ये पोर्तुगालच्याच आफ्रिकेतल्या अंगोला वसाहतीच्या प्रश्नावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारनं सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या विरोधात, म्हणजे रशियाच्या बाजूनं मत दिलं होतं. आणि नऊ महिन्यांत गोव्यावर एकदम उलटी बाजू. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध आहे असं म्हणाले आणि तो मुद्दा अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही. पण पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटाचा, संस्थापक सदस्य, आणि अटलांटिक महासागरात त्यांची अझोर बेटं, तिथं अमेरिकेचा विमानतळ, त्याच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती. तो तळ हातचा जाऊ द्यायचा नव्हता त्यांना. आणि रशियाचं म्हणाल तर वसाहतवादाच्या विरोधात एवढं बोलणाऱ्यांनीच १९५६ ला हंगेरीत रणगाडे घातले की. गोव्याच्या माणसाला काय हवंय ह्याच्याशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं, आपल्याला रशियाच्या मताचा उपयोग झाला हे खरं आणि त्याबद्दल मी आभारच मानीन, पण त्यांनी ते आपल्यावरच्या मायेनं केलं नाही.

संकेश्वरची_ताई

सांबरेकर दादा, गोव्याचं छान सांगितलंत, आमच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलं होतं. मी एक भर घालते. ह्या स्पर्धेत मधल्या देशांचं नुकसानच झालं असं नाही. आपल्या भागात दोन साखर कारखान्यांच्या टोळ्या एकाच शिवारात उतरल्या की उसाला दर चढतो, तसं भारताचं काही वर्षं चाललं होतं. रशियानं १९५५ ला भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार केला, १९५६ पासून अमेरिकेचा गहू पीएल-४८० ह्या तिथल्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली यायला लागला, बोकारोच्या पोलाद कारखान्याचं अमेरिकेकडून जमलं नाही म्हणताना रशिया पुढं आला. पण दर देणारा कधी हात आखडता घेईल ह्याचा नेम नव्हता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन धान्याची जहाजं थोडी थोडी करून सोडत होते, एकदम मोठा साठा मंजूर करायचे नाहीत. शेतीधोरण बदला हा दबाव होताच आणि व्हिएतनामवर भारत टीका करतोय हाही राग होता. माझी आजी रेशनवरच्या त्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचं अजून सांगते, थापताना कडा फुटायच्या, पोरं खायला मागायची नाहीत तरी तेच होतं घरात. महासत्तांची स्पर्धा आमच्या चुलीपर्यंत अशी आली होती, म्हणून मला हा विषय परका वाटत नाही.

खानापूरचा_पोरगा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई, मिलोचं माझ्या घरी पण विचारतो आज. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच की, एवढं वैर असून समोरासमोर लढले का नाहीत?

सांबरेकर

गोव्याच्या आधी जेमतेम दोन महिने बर्लिनमध्ये काय झालं ते वाच, त्यात तुझं उत्तर आहे. २७ ऑक्टोबर १९६१, चेकपॉइंट चार्ली नावाचं नाकं. भिंत बांधून अडीच महिने झालेले. अमेरिकेचे आणि रशियाचे रणगाडे शंभर मीटरच्या आसपास अंतरावर एकमेकांवर तोफा रोखून उभे, इंजिन चालू, असे जवळपास सोळा तास. मग आतल्या आत निरोपानिरोपी झाली आणि सकाळी रशियाचा एक रणगाडा थोडा मागं सरला, नंतर अमेरिकेचा एक, असं करत करत दोघं निघाले. केनेडींनी भिंत मुकाट्यानं चालवून घेतली, कारण ती पाडायला जायचं म्हणजे अणुयुद्ध. हंगेरीच्या वेळी पण अमेरिका आत शिरली नव्हती. युरोपात रेघ ठरली होती, ती ओलांडायची नाही हे दोघांना माहीत होतं. जी भीती तिथं हात बांधून ठेवायची तिनंच भांडण दुसरीकडं ढकललं, कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. तिथं लाखांनी माणसं मेली. ह्याला शांतता म्हणणारे लोक आहेत, मला ते अजिबात पटत नाही.

निपाणीचे_मास्तर

इथं मी सांबरेकरांशी सहमत, फक्त रेघ पहिल्या दिवसापासून ठरलेली होती असं समजू नका, ती चाचपडत ठरली. १९४८-४९ ला रशियानं केलेली पश्चिम बर्लिनची नाकेबंदी, मग रशियानं क्युबात अणुक्षेपणास्त्रं नेल्यावरचा पेच. २७ ऑक्टोबर १९६२ ला क्युबाजवळ रशियाच्या बी-५९ पाणबुडीवर अमेरिकेच्या जहाजांनी इशाऱ्याचे स्फोट केले, आत उकाड्यानं माणसं चक्कर येऊन पडत होती, मॉस्कोशी संपर्क नाही, वर युद्ध सुरू झालं का काय कळायला मार्ग नाही, आणि जवळ अणुटॉर्पेडो. कप्तान चिडला होता, अर्खिपोव्ह ह्या अधिकाऱ्यानं त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. पाणबुडीवर अणुटॉर्पेडो आहे हे वॉशिंग्टनला ठाऊक नव्हतं. एवढ्या जवळून गेल्यावर १९६३ ला थेट संपर्काची हॉटलाइन आली, फोन नव्हे, टेलिप्रिंटर. त्याच वर्षी हवेतल्या अणुचाचण्या बंद करायचा करार झाला. पोरा, उत्तर लिहिताना हा क्रम सोडू नकोस, आधी चटका आणि मग नियम.

संकेश्वरची_ताई

दादा, त्या अझोरच्या तळाचं पुढं काय झालं? गोव्यात पोर्तुगालची बाजू घेऊन अमेरिकेला तो मिळाला का?

सांबरेकर

मिळाला म्हणजे, १९६२ ला मुदत संपली तरी पोर्तुगालनं नवा करार केला नाही, बाहेरही काढलं नाही, अमेरिका तिथं वर्षानुवर्षं नुसत्या संमतीवर राहिली आणि अंगोलाबद्दल पोर्तुगालला फार बोलायचं टाळत गेली. करार झाला १९७१ ला. आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलला शस्त्रं पोचवणारी अमेरिकेची विमानं तिथंच उतरून पुढं गेली, कारण युरोपातले बाकीचे मित्रदेश उतरू द्यायला तयार नव्हते.