मदत हवी आहे: मेक्सिको सिटीत गाडी व्हेरिफिकासिओनला पास होत नाही, आठवडाच उरलाय

दख्खनी_पठार | 22 जून 2025, रात्री 9:40

नमस्कार. मेक्सिको सिटीत राहतो. गाडीच्या प्रदूषण तपासणीला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा परत पाठवलं. 30 तारखेला मुदत संपते. गाडी ठणठणीत आहे, धूर नाही, आवाज नाही, मायलेजही चांगलं आहे. काउंटरवरच्या बाई भराभर बोलल्या, मला अर्धंच कळलं. शेवटी हातात एक कागद दिला. नक्की काय केलं म्हणजे पास होईल? ज्यांनी इथे स्वतः ही तपासणी करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगा. फार घाई आहे.

कृष्णाकाठ | 22 जून, रात्री 9:58

कुठल्या सालची गाडी? नंबर प्लेट कुठल्या राज्याची? कागदावर काय लिहिलंय? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

ठाणेकर_काका | 22 जून, रात्री 10:05

आपल्याकडे पीयूसी पाच मिनिटांत होतं. पेट्रोल पंपावर गाडी लावा, सायलेन्सरमध्ये नळी घाला, कागद हातात. बीएस सहा गाडीला वर्षभर बघायला नको. मात्र पीयूसी नसेल तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे मी तारीख कधीच चुकवत नाही. तिकडे एवढं अवघड का करून ठेवलंय?

ग्वादालाहाराकर | 22 जून, रात्री 10:12

आमच्याकडे वर्षातून एकदाच करावी लागते. प्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून महिना ठरतो, आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. तेल बदलून, एअर फिल्टर साफ करून जा. माझी पहिल्या फटक्यात झाली.

कृष्णाकाठ | 22 जून, रात्री 10:15

@ग्वादालाहाराकर, तुमचं हालिस्को राज्य वेगळं, इथलं वेगळं. इथे वर्षातून दोनदा असते आणि नियमही निराळे आहेत. ते आधीच घाईत आहेत, उगाच गोंधळ नको.

दख्खनी_पठार | 22 जून, रात्री 10:31

प्लेट इथलीच, सीडीएमएक्सची (म्हणजे मेक्सिको सिटीची). शेवटचा आकडा 9. गाडी 2014 ची सेडान, गेल्या नोव्हेंबरात भारतात परतणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतली. काचेवर 0 चा होलोग्राम (तपासणी पास झाल्याचा स्टिकर) आहे. आत्तापर्यंत रोज चालवतोय, काही त्रास नाही.

पन्हाळ्याची_पोर | 22 जून, रात्री 10:44

9 म्हणजे निळा एंगोमादो (प्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार मिळणारा रंगीत स्टिकर). निळ्याला मे आणि जून, मग पुन्हा नोव्हेंबर आणि डिसेंबर. दोन महिने हातात असताना शेवटच्या आठवड्यात का आलात? पहिल्यांदा कधी गेला होतात?

वाचणाऱ्या इतरांसाठी: पिवळा (5, 6) जुलै-ऑगस्ट, गुलाबी (7, 8) ऑगस्ट-सप्टेंबर, लाल (3, 4) सप्टेंबर-ऑक्टोबर, हिरवा (1, 2) ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिल्या सहामाहीत हीच रांग जानेवारीपासून लागते.

मुदत चुकली तर 20 उमा (दंड मोजायचं सरकारी एकक) दंड. 2025 मध्ये एक उमा 113.14 पेसोंचा, म्हणजे 2,262 पेसो आणि वर थोडे. दंड भरल्यावर तपासणीला 30 दिवस मिळतात. म्हणजे 30 तारखेला आकाश कोसळणार नाही, पण पैसे जातील.

दख्खनी_पठार | 22 जून, रात्री 11:02

मे महिन्यात भारतात होतो, म्हणून उशीर. पहिल्यांदा 12 जूनला गेलो, तेव्हा गाडी आत घेतलीच नाही. "आदेउदो, आदेउदो" (थकबाकी) म्हणत राहिले. नंतर कळलं की आधीच्या मालकाचा पार्किंगचा दंड बाकी होता. तो भरून टाकला. 19 ला पुन्हा गेलो, रोलरवर चढवली, पळवली आणि मग हा कागद दिला. मुद्दा एवढाच की गाडीत दोष नाही आणि तरी नापास करतात.

तोलुका_एक्सप्रेस | 22 जून, रात्री 11:10

एवढा विचार कशाला करता? बाहेर कोयोते (दलाल) उभे असतात, त्यांना चार पैसे द्या, ते सगळं बघतात. सगळेच करतात.

मिरगाचा_पाऊस | 23 जून, सकाळी 6:50

@तोलुका_एक्सप्रेस, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. माझ्या मुलाला दमा आहे. इथे आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता. फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत ओझोन चढतो. कोन्तिन्हेन्सियाची (प्रदूषणाच्या आणीबाणीची) घोषणा झाली की शाळेत मैदानावरचे खेळ बंद होतात आणि माझ्या पर्समध्ये इनहेलर असतो. हे शहर 2,240 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर, वाटीच्या तळाशी बसल्यासारखं. वाऱ्याला बाहेर जायला वाट नाही. जुने लोक सांगतात की 80 च्या दशकात इथली हवा श्वास घेण्यासारखी नव्हती, म्हणून 1989 च्या नोव्हेंबरात ओय नो सिर्कुला (ठरावीक दिवशी गाडी बंद) सुरू झालं. पैसे देऊन मिळवलेला प्रत्येक होलोग्राम म्हणजे ज्या गाडीने रस्त्यावर यायला नको ती रस्त्यावर. आपण या देशाचे पाहुणे आहोत. इथल्या मुलांच्या छातीत आपला धूर जाऊ नये एवढं तरी आपण पाळायला हवं.

दख्खनी_पठार, तुम्ही तो मार्ग घेत नाही आहात हे वाचून बरं वाटलं. कागदावर काय आहे ते लिहा, नक्की मार्ग निघेल.

तोलुका_एक्सप्रेस | 23 जून, सकाळी 8:15

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी दोन वर्षांपूर्वी ऐकलेलं लिहिलं, स्वतः केलेलं नाही. मागे घेतो.

दिवेआगर | 23 जून, सकाळी 9:02

सरळ शेजारच्या मोरेलोस राज्याची प्लेट घ्या. माझ्या ऑफिसातले अर्धे लोक तेच करतात, तेनेन्सिया म्हणजे गाडीचा वार्षिक करही वाचतो.

कृष्णाकाठ | 23 जून, सकाळी 9:20

मोरेलोसचा पत्ता नसताना मोरेलोसची प्लेट घ्यायची म्हणजे खोटा पत्ता द्यायचा. रहिवासी कार्डावर राहणाऱ्या माणसाने असलं काही करू नये. शिवाय मोरेलोसही मेगालोपोलिसमध्येच (राजधानी आणि भोवतालच्या राज्यांच्या पट्ट्यात) येतं. सीडीएमएक्स, एदोमेक्स (मेक्सिको राज्य), इदाल्गो, मोरेलोस, पुएब्ला, त्लास्काला या सगळ्यांना उत्सर्जनाचं एकच प्रमाण लागू आहे. तपासणी चुकत नाही.

आणि तेनेन्सियाचं म्हणाल तर अडीच लाख पेसोंच्या आतल्या किमतीच्या गाडीला इथे सवलत मिळते, वेळेत रेफ्रेन्दो (वार्षिक नूतनीकरण शुल्क) भरला की झालं. 2014 च्या सेडानला काय तेनेन्सिया पडणार?

लारेदो_वारी | 23 जून, सकाळी 11:30

मी टेक्ससच्या प्लेटची गाडी घेऊन येतो, त्याबद्दल सांगतो. सीमेवर तात्पुरत्या आयातीचा परवाना काढायचा आणि त्याची मुदत जपायची. मेक्सिको सिटीत शिरण्याआधी ऑनलाइन पासे तुरिस्तिको (पर्यटक पास) काढायचा, फुकट आहे. सहा महिन्यांतून एकदा 14 दिवस किंवा दोनदा सात-सात दिवस मिळतात. छापून काचेला लावायचा, म्हणजे बंदीच्या दिवशीही गाडी चालवता येते.

पन्हाळ्याची_पोर | 23 जून, सकाळी 11:41

लारेदो_वारी, माहिती चांगली आहे, पण त्यांची प्लेट इथलीच आहे. दख्खनी_पठार, कागद!

दख्खनी_पठार | 23 जून, दुपारी 2:25

मीटिंगमध्ये होतो. कागदावर वर मोठ्या अक्षरात "रेचासो" (नापास). खाली एचसी, सीओ, एनओएक्स या धुरातल्या वायूंचे आकडे आहेत, सगळे मर्यादेच्या आत. म्हणूनच म्हणतो की गाडीत दोष नाही! त्याखाली "एसडीबी" असं लिहून एक तक्ता आहे. त्यात काही ओळींपुढे "नो लिस्तो" (तयार नाही) आहे. एसडीबी म्हणजे काय ते माहीत नाही.

मेकॅनिकल_88 | 23 जून, दुपारी 2:40

सापडलं. एसडीबी म्हणजे गाडीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची तपासणी, आपण ज्याला ओबीडी म्हणतो ती. 2006 पासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर लावून कॉम्प्युटरला विचारतात: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधन प्रणाली, मिसफायर आणि एकूण भाग, या पाचांची स्वतःपुरती तपासणी तू पूर्ण केलीस का? "नो लिस्तो" म्हणजे अजून केलेली नाही. नापास झाली असं नव्हे, उत्तरच तयार नाही. धूर स्वच्छ असला तरी हे उत्तर लागतंच.

आता खरं सांगा. गेल्या महिन्याभरात बॅटरी काढली किंवा बदलली होती का? किंवा कोणी चेक इंजिनचा दिवा घालवून दिला का?

दख्खनी_पठार | 23 जून, दुपारी 2:52

हो, बॅटरी बदलली. भारतातून आलो तेव्हापासून गाडी नीट चालू होईना, पाच आठवडे उभी होती. 17 तारखेला नवीन टाकली. त्याचा काय संबंध? दिवा कधीच लागला नव्हता.

मेकॅनिकल_88 | 23 जून, दुपारी 3:10

सगळा संबंध त्याचाच. बॅटरी काढली की कॉम्प्युटरची ती स्मृती पुसली जाते आणि पाचही तपासण्या शून्यापासून सुरू होतात. तुम्ही 17 ला बॅटरी टाकली आणि 19 ला गेलात. मध्ये फक्त घर ते ऑफिस गर्दीत चालवली असणार. त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण होत नाही, त्याला एकसारखा वेग लागतो.

हे करा. टाकी पाव ते पाऊण यांच्या मध्ये ठेवा. रात्रभर उभी राहिलेली थंड गाडी सकाळी चालू करा, दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. मग गावातून दहा मिनिटं, नंतर मोठ्या रस्त्यावर 80-90 च्या एकाच वेगाने वीस मिनिटं, अ‍ॅक्सिलरेटर सारखा दाबून-सोडून नाही. शेवटी ब्रेक न मारता वेग हळूहळू उतरू द्या. दोन-तीन दिवस करा. साधा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन मोबाइलवर बघा, पाचही "लिस्तो" दिसल्याशिवाय जाऊ नका. आणि तोवर बॅटरीला कोणालाही हात लावू देऊ नका.

कोल्हापुरी_इंजिन | 23 जून, दुपारी 3:35

मी तर म्हणेन आधी प्रीमियम पेट्रोल भरा आणि अ‍ॅडिटिव्हची बाटली टाका. माझी गाडी दर वेळी त्यावरच पास होते.

मेकॅनिकल_88 | 23 जून, दुपारी 3:44

त्यांचे धुराचे आकडे मर्यादेतच आहेत. ज्याचा आकडा चांगला त्याला औषध कशाला? बाटलीने कॉम्प्युटरची स्मृती भरत नाही.

कोल्हापुरी_इंजिन | 23 जून, दुपारी 3:50

नुकसान तर नाही ना? 15 वर्षं गाडी चालवतोय, अनुभव सांगतोय.

दख्खनी_पठार | 23 जून, दुपारी 4:05

खूप आभार. बॅटरीचा विचारही डोक्यात आला नव्हता. आता इथे एकसारख्या 80-90 ने चालवायची कुठे? मी देल व्हायेला राहतो.

दिवेआगर | 23 जून, दुपारी 4:20

कुएर्नावाकाचा हायवे. सकाळी लवकर निघा, रमत-गमत परत या.

कृष्णाकाठ | 23 जून, दुपारी 4:32

तो नको. त्लाल्पान सोडलं की थेट त्रेस मारियासपर्यंत चढच चढ, वेग एकसारखा राहणारच नाही. केरेतारोच्या रस्त्याला जा, तेपोत्सोत्लानचा टोलनाका ओलांडला की रस्ता बराच मोकळा मिळतो. पहाटे पाचला निघालात तर नऊच्या आत घरी.

ठाणेकर_काका | 23 जून, संध्याकाळी 5:15

दिल्लीत 2016 च्या जानेवारीत सम-विषम केलं होतं ते याच मेक्सिकोवरून का? आमच्या घोडबंदर रोडची हवा बघता इथेही काही तरी करायला हवं असं मनापासून वाटतं.

मिरगाचा_पाऊस | 23 जून, संध्याकाळी 6:02

काका, इथे सम-विषम नाही. रोज दोन आकडे बंद: सोमवारी 5-6, मंगळवारी 7-8, बुधवारी 3-4, गुरुवारी 1-2, शुक्रवारी 9-0. पहाटे पाच ते रात्री दहा. पण 0 किंवा 00 चा होलोग्राम असेल तर एरवी सूट. म्हणून सगळ्यांचा जीव त्या होलोग्रामवर. मला वाटतं, बंदीपेक्षा ही सहा महिन्यांची कडक तपासणी जास्त कामाची आहे, कारण बंदीला कंटाळून लोक दुसरी जुनी गाडी घेतात.

पन्हाळ्याची_पोर | 23 जून, संध्याकाळी 6:30

दख्खनी_पठार, आजच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. शेवटच्या आठवड्यात देल व्हायेच्या आसपास काही मिळणार नाही. इस्तापालापा, गुस्तावो आ. मादेरोकडे बघा. आणि जाण्याआधी प्लेट टाकून पुन्हा तपासा, साध्या दंडाशिवाय फोतोसीविकासही (कॅमेऱ्याने टिपलेले गुन्हे) असतात. कॅमेऱ्याने वेगासाठी टिपलं असेल तर प्लेटचे गुण जातात आणि ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याशिवाय तपासणी होत नाही. आधीच्या मालकाचा एक दंड निघालाच होता. टायरही बघून घ्या, गुळगुळीत टायरची गाडी रोलरवर घेत नाहीत.

दख्खनी_पठार | 25 जून, सकाळी 9:25

काल आणि आज पहाटे तेपोत्सोत्लानच्या पुढे जाऊन आलो. स्कॅनर आणला. काल चार "लिस्तो" होते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा बाकी होता. आज पाचही आले. फोतोसीविकास काही नाहीत. शुक्रवारी सकाळची वेळ इस्तापालापात मिळाली.

मेकॅनिकल_88 | 25 जून, सकाळी 9:40

छान. गाडी गरम असतानाच आत घ्या, अर्धा तास बंद करून रांगेत उभे राहू नका. आणि पाचवी, कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण होऊन पास झालीये म्हणजे कन्व्हर्टर चांगला आहे. तो खराब निघाला असता तर पीरेक या सरकारी कार्यक्रमाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये बदलून घ्यावा लागला असता, तो खर्च मोठा.

दख्खनी_पठार | 27 जून, दुपारी 12:10

झाली! 0 चा होलोग्राम. यावेळी काउंटरवरच्या मुलाला हळू बोलायला सांगितलं, त्याने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून समजावलं. मेकॅनिकल_88, पन्हाळ्याची_पोर, कृष्णाकाठ, तुमचे मनापासून आभार. मिरगाचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला.

कृष्णाकाठ | 27 जून, दुपारी 12:25

अभिनंदन! एक राहिलंच. आधीच्या मालकाचा दंड प्लेटवर निघाला म्हणता, म्हणजे गाडी अजून तुमच्या नावावर केलेली नाही का? तार्हेता दे सिर्कुलासिओनवर (गाडीच्या नोंदणी कार्डावर) नाव कोणाचं आहे?

दख्खनी_पठार | 27 जून, दुपारी 12:41

त्याचंच आहे. फाक्तुराच्या (गाडीच्या बिलाच्या) मागे सही करून दिली आहे त्याने. ते चालत नाही का?

पन्हाळ्याची_पोर | 27 जून, दुपारी 12:44

नवीन धागा काढा. आणि या वेळी पहिल्याच पोस्टमध्ये सगळं लिहा.