छपराचा रंग कोण ठरवणार? नवीन घरवाल्यांनो, अनुभव टाका

जर्मनीत प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये हा विषय सारखा निघतो म्हणून वेगळा धागा काढतेय. इथे बहुतेक नव्या वस्तीचा बेबाउंग्सप्लान असतो (आपण बी-प्लान म्हणू), त्यात घराची उंची, छपराचा उतार आणि बऱ्याच ठिकाणी कौलांचा रंगसुद्धा ठरवलेला असतो. बाकीच्या देशांतले, भारतातले अनुभवही चालतील. कुठे अडलं, कसं सुटलं, कोणता कागद कामाला आला ते लिहा. नुसतं "हे लोक फार कटकटे" नको, ते सगळ्यांना माहितीये.

स्टुटगार्टजवळून

आमच्या बी-प्लानमध्ये "लाल ते लालसर तपकिरी" एवढंच, आरएएल नंबर (रंगाचा ठरलेला क्रमांक) वगैरे काही नाही. आता लालसर तपकिरी म्हणजे कुठपर्यंत?? आम्ही घेतलेलं कौल कंपनीच्या कॅटलॉगात लालसर तपकिरीच होतं पण बाउआम्टच्या (बांधकाम खात्याच्या) बाईंना ते चॉकलेटी वाटलं, मग साइटवर सॅम्पल बघायचं ठरलं, आणि त्या दिवशी नेमकी भुरभुर. ओलं कौल कुठलंही असो गडदच दिसतं, बाईंनी लांबूनच मान हलवली. ह्यांनी गाडीतून टॉवेल आणून कौल खसाखसा पुसलं, शेजारच्यांच्या छपरावरून निसटून पडलेला एक जुना तुकडा कुंपणापाशी होता तो बाजूला ठेवला, तर शेवाळ खाऊन खाऊन तो आमच्यापेक्षा काळा! बाई हसल्या, पण हो काही म्हणाल्या नाहीत. लेखी अर्ज करा म्हणे.

अर्ज केला, नकार आला. नकारावर विडरश्प्रुख म्हणजे हरकत घ्यायला एक महिना असतो, तो चुकवू नका, पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या आर्किटेक्टने भांडण नाही केलं, गल्लीतल्या आधी मंजूर झालेल्या छपरांचे फोटो घर नंबरांसकट जोडले आणि विचारलं की ही चालली तर हे का नाही, नियमात शब्द आहे, नंबर नाही, मग सीमा कोणी आखली? मंजूर झालं. आणि गंमत म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये १ मे २०२२ पासून नव्या घरांवर सोलर सक्तीचं आहे, त्यामुळे छपराच्या ज्या उताराच्या रंगासाठी एवढी रामकहाणी झाली तिथे आता काळेकुट्ट पॅनल आहेत. त्याला कुणाचीही हरकत नाही :)

म्युनिकच्या बाहेरून

ताई, तुमच्याकडे विडरश्प्रुख तरी आहे. बव्हेरियात बांधकामाच्या बाबतीत ती पायरीच २००७ मध्ये काढली, नकार आला की थेट कोर्ट. आम्हाला अँथ्रासाइट (गडद करडा) हवा होता, बी-प्लानमध्ये लाल. बफ्रायुंग म्हणजे सूट मागितली, उत्तर आलं की तुम्हाला दिली तर उद्या सगळेच मागतील. वकिलाची फी ऐकली आणि लाल कौल आवडायला लागलं.

धागाकर्ती

हाहा. अजून एक बघून ठेवा, रंग बरोबर असूनही चकचकीत ग्लेझवाली कौलं बऱ्याच बी-प्लानमध्ये चालत नाहीत, ऊन परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यावर येतं म्हणून.

सिडनीहून

आमच्याकडे उलटी गंगा. तुमच्याकडे गावाचं रूप, इथे उन्हाळा. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथला ४८.९ डिग्री गेलं होतं, त्यानंतर २०२१ मध्ये सिडनीजवळच्या विल्टनच्या नव्या घरांना गडद छप्पर बंद करायचं निघालं, मग मंत्री बदलले आणि २०२२ मध्ये ते सगळं धोरणच गुंडाळलं. आम्हाला वाटलं चला सुटलो. पण नव्या घराला बेसिक्स सर्टिफिकेट (वीज-पाणी बचतीचं) असतं ना, त्यात छप्पर फिकं, मध्यम की गडद ते लिहिलेलं असतं. बिल्डरने परस्पर फिकं लिहून सर्टिफिकेट काढलं, आणि रंग आम्ही निवडलेला मॉन्युमेंट, म्हणजे जवळजवळ काळा. शेवटच्या तपासणीला सर्टिफायर म्हणाला कागद एक आणि छप्पर एक, ऑक्युपेशन सर्टिफिकेट (राहायला जायचा दाखला, आपली ओसी) देता येत नाही. बँक, भाड्याचं घर, शिफ्टिंगवाला सगळे खोळंबले. शेवटी इन्सुलेशन वाढवून गणित पुन्हा केलं, नवं सर्टिफिकेट काढलं, खर्चावरून बिल्डरशी वाजलं ते वेगळंच. खरं सांगू? जानेवारीत वरच्या मजल्यावर झोपलं की कौन्सिलवाल्यांचं पटतं.

हैदराबादहून

तेलंगणात २०२३ पासून कूल रूफ पॉलिसी आहे, ६०० चौरस यार्ड आणि वरच्या प्लॉटवरच्या नव्या घराला सक्ती, त्याखाली ऐच्छिक. आमचा प्लॉट सक्तीत बसतो. कॉन्ट्रॅक्टरने गच्चीला पांढरा रंग फासला आणि झालं म्हणाला, पण पांढरं दिसणं पुरत नाही, ऊन किती परत फेकतं त्याचा आकडा दाखवावा लागतो. साहेबांनी ओसीची फाइल तिथेच ठेवली. कंपनीचा टेस्ट रिपोर्ट मिळेल तोच रंग घ्या, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या.

डोंबिवलीहून

आमच्याकडे गच्चीवर निळा पत्रा टाका, हिरवा टाका, रंगाचं कोण विचारतंय. शेडला परवानगी आहे का एवढंच विचारतात, आणि तेही शेजाऱ्याने तक्रार केली तर.

म्युनिकच्या बाहेरून

धागाकर्ती ताई, एक शंका. गॅरेजचं छप्पर सपाट आहे, त्यालाही लालच लागेल का?

धागाकर्ती

बी-प्लानमध्ये "मुख्य इमारत" लिहिलंय की सरसकट सगळी छपरं, ते बघा. काही ठिकाणी सपाट गॅरेजवर हिरवळ लावायची अट असते, तिथे रंगाचा प्रश्नच येत नाही. तोंडी विचारू नका, ईमेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.