कथा लिहायची तर अभिजात साहित्य आणि लेखनतंत्राची पुस्तकं वाचायलाच हवीत का?

कोरा कागद
माझ्या तीन कथा साभार परत आल्या. शेरा एकच: "प्रसंग आहेत, कथानक नाही." त्याचा अर्थ कळला तो इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरच्या १९२७ सालच्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'मध्ये. राजा मेला, मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. माझ्याकडे एकामागून एक घडत होतं, एकामुळे दुसरं घडत नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे, लिहिणाऱ्यानं टिकलेलं साहित्यही वाचावं आणि तंत्राची पुस्तकंही. नुसत्या प्रतिभेवर भिस्त ठेवून वर्षं वाया जातात.

रानवाट
साफ असहमत. तंत्राची पुस्तकं वाचून लिहिलेली कथा लगेच ओळखू येते. पहिल्या पानावर संघर्ष, मध्यावर कलाटणी, शेवटी साक्षात्कार. ॲरिस्टॉटल जन्मला त्याआधीच ग्रीक नाटककार सोफोक्लीस वारला होता. ॲरिस्टॉटलचा नाट्यतंत्रावरचा ग्रंथ 'पोएटिक्स' न वाचताच त्याचं 'ईडिपस' लिहिलं गेलं ना? आणि अभिजात वाचून तर माझा हातच गोठतो. आपलं सगळं फिकं वाटायला लागतं.

समासातली टीप
सोफोक्लीससमोर पोएटिक्स नव्हतं, पण त्याच्या आधीच्या एस्किलसची नाटकं होती. तो कोऱ्या पाटीनं बसला नव्हता.

हात गोठण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' कादंबरीत शेतकी प्रदर्शनाचा प्रसंग आहे. वरच्या मजल्यावर रोडोल्फ नायिका एमाला प्रेमाच्या गोष्टी सांगतोय, खाली चौकात बक्षिसं जाहीर होताहेत. तो म्हणतो, शंभरदा निघून जावंसं वाटलं, तरी तुमच्यामागे आलो, थांबलो. तेवढ्यात खालून आवाज येतो: "खतं!" रोडोल्फ खोटारडा आहे हे लेखकाला वेगळं सांगावंच लागत नाही. वाचताना मला फक्त हसू आलं होतं. मग तो प्रसंग मी हातानं उतरवून काढला, तेव्हा दिसलं की आधी भाषणंही लांब, बोलणंही लांब. पुढे तुकडे आखडत आखडत एकेका वाक्यावर येतात. ते वाचून कळलं नव्हतं, मनगट दुखल्यावर कळलं. फ्लोबेर त्या कादंबरीवर जवळपास पाच वर्षं बसला होता, हे आठवलं की माझा हात उलट मोकळा होतो.

टाचण
पण आपण बहुतेक जण फ्लोबेर अनुवादातून वाचतो. वाक्याची लय अनुवादकाची असते. बांधणी शिका, लय आपल्याच भाषेतल्या जुन्या लेखकांकडून घ्या.

रानवाट
उतरवून काढण्याचं पटलं, करून बघते. अभिजाताबद्दल मी एक पाऊल मागे. तंत्राच्या पुस्तकांबद्दल मात्र नाही. प्रत्येक पात्राचा "हेतू" तक्त्यात भरत बसले आणि कादंबरी चाळिसाव्या पानावर मेली. खर्डा व्हायच्या आधी ती पुस्तकं उघडणं घातकच.

कोरा कागद
खर्ड्यानंतर, हे मान्य. मीही फॉर्स्टर तिसरी कथा परत आल्यावरच वाचला. त्या कथेत बहीण घर सोडते, मग भाऊ तिचं पत्र जाळतो. त्या "मग"च्या जागी "म्हणून" घालून पाहिलं, तर लक्षात आलं की भावानं पत्र आधी चोरून वाचलेलं असायला हवं. सुरुवातीची चार पानं बाद झाली. सध्या तीच नव्यानं लिहितोय.