मदत हवी आहे: कापरामुळे परदेशी पार्सल परत आलं, आता काय करू?

अबोली_कऱ्हाड
नमस्कार मंडळी. गणपती सहा आठवड्यांवर आलेत आणि माझी पाचावर धारण बसली आहे, म्हणून घाईघाईत धागा काढतेय.

मी घरून पूजेच्या पेट्या भरून विकते. हळदकुंकू, अष्टगंध, जानवं, वस्त्रमाळ, उदबत्ती, 50 ग्रॅम भीमसेनी कापूर, अत्तराची छोटी कुपी, खोबऱ्याची वाटी आणि काडेपेटी, असा सगळा ऐवज. आजवर पुण्या-मुंबईलाच जायच्या. यंदा बाहेरून 40 पेट्यांची ऑर्डर आली, 22 बर्मिंगहॅमला आणि 18 दुबईला. पहिल्या पाच पेट्या गावातल्या कुरियर एजंटकडे दिल्या. त्याने फॉर्मवर 'पूजा आर्टिकल्स' लिहिलं, मी सही ठोकली. चौथ्या दिवशी मुंबईहून फोन, 'मॅडम, तुमच्या मालात डीजी आहे.' पार्सल परत आलं तेव्हा खोक्याची टेप कापून वर दुसरी लावलेली होती आणि कापराच्या पाकिटावर निळ्या पेनाने गोल केलेला.

एजंट म्हणतो, "ताई, पुढच्या वेळी हँडिक्राफ्ट लिहू, कापूर तळाशी दडपू, कोण बघतंय?" मला हे पटत नाही, पण लोकांचे पैसे घेऊन बसलेय. कापूर काय बाँब आहे का? पोस्टाने पाठवला तर चालेल का?

कार्गोवाला
ताई, सगळ्यात आधी तो एजंट बदला. फॉर्मवर सही तुमची आहे. उद्या काही झालं तर तो हात वर करेल आणि विचारणा तुम्हाला होईल.

मी मुंबई विमानतळावर, सहारला कार्गोत 14 वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो. डीजी म्हणजे डेंजरस गुड्स, धोकादायक माल. विमानाने जाणारा असा माल नऊ वर्गांत मोडतो, आणि प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांचा एक ओळख क्रमांक असतो, तो यूएन नंबर. कापूर यूएन 2717, वर्ग 4.1, म्हणजे पेट घेणारा घन पदार्थ. काडेपेटीही 4.1 मध्येच, यूएन 1944. खोबऱ्याची वाटी ऐकून हसाल, पण ती यूएन 1363, वर्ग 4.2, आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात. सुक्या खोबऱ्यातलं तेल हवेशी संयोग पावून तापतं, आणि ढीग कोंदट जागी असला की ती उष्णता बाहेर पडत नाही. अत्तरात अल्कोहोल असेल तर यूएन 1266, वर्ग 3. म्हणजे तुमच्या एका पेटीत चार नग आहेत. एक्स-रेवाल्याने एकच गोल केला, हे नशीब समजा.

जमिनीवर कापूर पेटला तर आपण पाणी ओततो. तिथे 35 हजार फुटांवर होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, कोण जाणार? 1996 साली फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं विमान पडलं, 110 माणसं गेली. पोटात ऑक्सिजन जनरेटर होते आणि कागदावर लिहिलं होतं 'रिकामे', पण ते रिकामे नव्हते. हँडिक्राफ्ट लिहायला सांगणाऱ्याला हे ऐकवा.

पोस्टाचं विचारूच नका, टपालात हा माल बंदच आहे.

दुबईकर
खोबऱ्याला +1. आमच्या मावशीच्या चेक-इन बॅगेतून मुंबईला दोन किलो खोबरं काढून घेतलं होतं. "अहो, लाडवांसाठी आहे" म्हणत ती वीस मिनिटं भांडली, फ्लाइट मात्र कशीबशी मिळाली.

अबोली_कऱ्हाड
दादा, खूप आभार. पण डीजीच्या यादीत 'सिंथेटिक कापूर' असं लिहिलेलं दिसतंय. माझा भीमसेनी नैसर्गिक आहे, मग सुटतो ना?

कार्गोवाला
नाही. काउंटरवर हा वाद घालणारे रोज भेटायचे. ज्वलनशील आहे की नाही हे चाचणीवरून ठरतं, पाकिटावर काय छापलंय त्यावरून नाही. विक्रेत्याकडून एमएसडीएस, म्हणजे मालाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागा. त्यातलं कलम 14 वाचा, तिथे वाहतुकीचा वर्ग आणि यूएन नंबर असतो. अत्तरासाठी कलम 9 मधला फ्लॅश पॉइंट बघा, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते. तो 60 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर अडकलात. खऱ्या चंदनतेलावरचं कनौजी अत्तर सहसा त्याच्या बरंच वर असतं.

आता कायदेशीर वाट. पूर्ण डीजी म्हणून पाठवायचा तर यूएन शिक्क्याचं खोकं लागतं (अशा खोक्यांची चाचणी अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये होते), वर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं, ज्वाळेचं लेबल आणि दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेलं शिपर्स डिक्लरेशन, म्हणजे माल पाठवणाऱ्याचं लेखी निवेदन. ते भरणारा माणूस प्रशिक्षित हवा आणि दर 24 महिन्यांनी पुन्हा शिकलेला हवा. घरच्या घरी होणारं काम नाही, त्यासाठी डीजी एजंट असतात.

दुसरी वाट आहे एक्सेप्टेड क्वांटिटीची, म्हणजे अगदी थोड्या मालाला मिळणाऱ्या सवलतीची. कापराला आतल्या पाकिटात 30 ग्रॅम आणि अख्ख्या खोक्यात एक किलो, एवढीच मुभा. डिक्लरेशन लागत नाही, पण मधलं आवरण, 1.8 मीटरवरून पडून टिकणारं खोकं आणि रेघांच्या चौकटीची वेगळी खूण लागते. तुमचं 50 ग्रॅमचं पाकीट यात बसतच नाही. शिवाय बऱ्याच कुरियर कंपन्या आधी करार असल्याशिवाय हात लावत नाहीत. प्रशिक्षण यालाही चुकत नाही.

शेंगदाणा
समुद्राने पाठवा की! स्वस्त पडेल.

कार्गोवाला
बोटीवरही तो 4.1 च राहतो, तिथले नियम वेगळे पण वर्ग तोच. आणि बोट बाप्पाच्या विसर्जनानंतर पोहोचेल.

दुबईकर
अबोलीताई, मुळात कापूर कऱ्हाडहून यायलाच हवा का? इथे बर दुबईत पूजेच्या सामानाची दुकानं आहेत, बर्मिंगहॅमला सोहो रोडवर मिळेल. जानवं आणि वस्त्रमाळ मात्र मनासारखी मिळत नाही. लोक पेटी त्याचसाठी मागवतायत.

अबोली_कऱ्हाड
काल 40 जणांना एकेक करून फोन केले, कापूर, काडेपेटी आणि खोबरं काढून पेटी पाठवली तर चालेल का म्हणून. 37 जण लगेच हो म्हणाले, दोघांनी पैसे परत मागितले ते दिले, आणि एक आजी "कापराशिवाय आरती?" म्हणून रुसल्या. त्यांच्या नातवाने समजूत काढलीय.

अत्तरवाल्याकडे एमएसडीएस मागितला. त्याने एका पानाचा पीडीएफ पाठवला, त्यात फ्लॅश पॉइंटसमोर लिहिलंय 'उत्तम'.

कार्गोवाला
😂 तो कागद काउंटरवर दाखवू नका. अत्तरही काढा. उदबत्तीचा एमएसडीएस मात्र उत्पादकाकडून मागून ठेवा, आणि फॉर्मवर 'पूजा आर्टिकल्स' नको, एकेक वस्तू लिहा.

अबोली_कऱ्हाड
काढलं. कापराच्या खाचेत आता जास्तीची वस्त्रमाळ बसतेय, खोबऱ्याच्या जागी काय ठेवायचं ते अजून सुचलेलं नाही. नवीन एजंटकडे उद्या पाच पेट्या देतेय, यादी माझ्याच हाताने लिहिलीय. पोहोचल्या की इथे कळवते.