चिनी चार अक्षरी वाक्प्रचार: जोडीची मराठी म्हण शोधायची की मूळ गोष्ट शिकायची?

लोअरपरळ_लोकल (प्रश्न)

मंडळी, मी लोअर परळला यंत्रांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचा बहुतेक माल निंगबोहून न्हावा शेवाला उतरतो. संध्याकाळी दादरला चिनी भाषेचा क्लास करते. भाव, तारखा, खराब मालाची तक्रार, एवढं जमायला लागलंय. अडतं ते 'छंग-यू'पाशी, म्हणजे या चार अक्षरी वाक्प्रचारांपाशी. चारच अक्षरं असतात, चारही ओळखीची असतात, आणि तरी वाक्य कळत नाही. 'शौ-जू-दाय-थू' घ्या. राखणे, खोड, वाट पाहणे, ससा. यातून काय समजायचं?

म्हणून वहीत दोन रकाने आखलेत. डावीकडे छंग-यू, उजवीकडे जोडीची मराठी म्हण. सशाच्या पुढे 'दे रे हरी खाटल्यावरी' लिहिलं. 'फो-फू-छन-जौ' म्हणजे भांडी फोडा, नावा बुडवा, त्याच्यापुढे 'परतीचे दोर कापणे'. 'द्वे-न्यू-थान-छिन' म्हणजे बैलापुढे तंतुवाद्य वाजवणे, तिथे 'गाढवापुढे वाचली गीता'. मला हे छान जुळलंय असं वाटतं, पण क्लासमधले सर म्हणाले की असं पाठ करू नका. त्यांना कारण सांगायला सवड नव्हती. ज्यांनी ही भाषा रोज वापरलीय त्यांनी सांगाल का?

माझगाव_डोंगर

वही ठेवा, उजवा रकाना बदला. तिथे म्हणीऐवजी गोष्ट लिहा: कोणाची, कुठली, काय घडलं आणि ती कोणाला सुनावण्यासाठी सांगितली होती.

आपणही रोज हेच करतो. कोणी अंगणाला नावं ठेवली की आपण नुसतं 'नाचता येईना' म्हणून थांबतो, पुढचं ऐकणाराच मनात पुरं करतो. बरेचसे छंग-यू तसेच आहेत. चार अक्षरं उच्चारायची आणि बाकीची गोष्ट समोरच्याला ठाऊक आहे असं धरून चालायचं. ती ठाऊक नसेल तर अक्षरं नुसती पडून राहतात. मी नोकरीनिमित्त क्वांगचौला राहत होते तेव्हा तिथल्या शेजारीण आजी मला प्रत्येक छंग-यू गोष्टीनेच शिकवायच्या, आणि त्यांनी शिकवलेला एकही मी आजवर विसरलेले नाही.

आता तुमचा ससा. ही गोष्ट हान फेइ या विचारवंताच्या ग्रंथात आहे. त्याचा मृत्यू इ.स.पू. २३३ चा. सुंग राज्यातला एक शेतकरी शेतात काम करत होता. एक ससा धावत आला, झाडाच्या खोडावर आदळला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्याने अवजार टाकलं आणि दुसरा ससा येईल म्हणून खोडाशी बसून राहिला. लक्षात घ्या, हा माणूस आळशी नव्हता, कष्ट करत होता. एकदा मिळालेल्या फुकटच्या यशाने त्याला बिघडवलं. 'दे रे हरी' म्हणणारा मुळातच खाटेवर आहे. आणि हान फेइचा खरा रोख शेतकऱ्यावर नव्हताच. जुन्या राजांच्या काळी जे चाललं तेच आजही चालेल असं मानणाऱ्या राज्यकर्त्यांवर होता. म्हणून एखादी कंपनी दहा वर्षांपूर्वी खपलेल्या मालाच्या भरवशावर बसली असेल तर तिला 'शौ-जू-दाय-थू' अगदी नेमका लागतो. 'दे रे हरी' तिथे लागणार नाही.

'फो-फू-छन-जौ'ची तुमची जोडी मात्र मला फार आवडली, आणि तिच्यातला फरकच शिकण्यासारखा आहे. इ.स.पू. २०७. छिन साम्राज्याच्या सैन्याने ज्यूलूला वेढा घातलेला. छिनविरुद्ध उठलेला सेनापती श्यांग यू आपलं सैन्य घेऊन नदी ओलांडतो, नावा बुडवतो, स्वयंपाकाची भांडी फोडतो, राहुट्या जाळतो, आणि प्रत्येकाकडे तीन दिवसांचा शिधा ठेवतो. इतिहासकार स-मा छ्येनने हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे सिंहगड, १६७०. तानाजी पडल्यावर मावळे माघारी पळू लागले आणि सूर्याजीने दोर कापले असं सांगतात. सूर्याजीने ते केलं ते लढाई हातची जात असताना, पळणाऱ्यांना थोपवायला. श्यांग यूने केलं ते लढाईच्या आधी, थंड डोक्याने. म्हणून आपण 'परतीचे दोर कापले गेलेत' असं कधी कधी हताशपणेही म्हणतो. चिनी वाक्प्रचारात हताशपणा नाही, तिथे सगळा भर ठरवण्यावर आहे. मुलगा नोकरी सोडून परीक्षेच्या तयारीला बसला तर त्याच्याबद्दल कौतुकाने असं म्हणतात.

'साय-वंग-शी-मा' तुमच्या यादीत नसेल तर घालाच, व्यापारात तो कानावर पडणारच. सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला, लोक हळहळले, तो म्हणाला हे कदाचित चांगलंच असेल. घोडा दुसरा उमदा घोडा घेऊन परत आला, लोकांनी अभिनंदन केलं, तो म्हणाला हे कदाचित संकट असेल. त्या घोड्यावरून पडून मुलाचा पाय मोडला, आणि पुढे लढाई पेटली तेव्हा लंगडा म्हणून मुलगा वाचला. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या ह्वायनानत्स ग्रंथातली ही गोष्ट. आपण 'जे होतं ते बऱ्यासाठी' म्हणतो तेव्हा फक्त दुःखात धीर देतो. हा म्हातारा लाभातही सावध आहे, आणि मला तो त्यासाठीच जवळचा वाटतो.

एक सुचवते. माझगावात नवाब टँक रोडच्या बाजूला सी यिप कून हे जुनं चिनी देऊळ आहे, १९१९ चं. तिथली देवता क्वान कुंग, म्हणजे तीन राज्यांच्या काळातला सेनापती क्वान यू. त्याच्या दंडात विषारी बाण लागला होता. वैद्य हाड खरवडून विष काढत होता आणि हा साथीदारांबरोबर जेवत-पीत बोलत होता. त्यावरून 'ग्वा-गू-ल्याव-दू' आला: हाड खरवडून विष उतरवणे, म्हणजे दुखलं तरी रोग मुळापासून काढणे. एकदा ते देऊळ पाहून या, मग हा छंग-यू घोकावा लागणार नाही.

कुंडीतलं_ब्रह्मकमळ

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि एक भर, कारण हा आपल्या घरचा विषय आहे.

छंग-यूंमध्ये बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून गेलेलेही आहेत. हत्ती चाचपणारे आंधळे, 'मांग-रन-मो-श्यांग', सगळ्यांना माहीत असतात. मला वेड लावलं ते 'थान-ह्वा-यी-श्येन'ने. 'थान-ह्वा एकदा दिसणे'. यातलं थान म्हणजे आपला उदुंबर! कुमारजीवाने ४०६ साली सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. तिथे बुद्धाची शिकवण उंबराच्या फुलासारखी क्वचितच प्रकटते असं आहे. उदुंबराचं चिनी उच्चारात लांबलचक नाव झालं आणि पुढे त्यातलं 'थान' तेवढं उरलं.

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, बाहेर दिसत नाहीत. म्हणून आपली आजी बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या भाच्याला 'उंबराचं फूल झालास की रे' म्हणते. म्हणजे सूत्रातला जुना अर्थ, दुर्मीळपणा, मराठीने जपला. चिनी वापर सरकला: आज 'थान-ह्वा-यी-श्येन' म्हणजे क्षणभर चमकून नाहीसं होणं. आणि आज चिनी माणूस थान-ह्वा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असतं ते रात्री उमलून सकाळी मान टाकणारं फूल, जे मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं, आणि आपल्या पार्ल्या-मुलुंडच्या गॅलऱ्यांमध्ये ब्रह्मकमळ म्हणून मिरवतं.

तेव्हा ताई, तुमच्या रकान्यात या दोघांना शेजारी बसवू नका. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या पुरवठादाराला प्रेमाने 'उंबराचं फूल' म्हणायला जाल आणि त्याला ऐकू येईल की तुमचा धंदा चार दिवसांचा.

शिवडी_क्लिअरिंग

गोष्ट शिका हे मान्य, पण नुसती गोष्टही दगा देते. 'जाव-सान-मू-स' बघा: सकाळी तीन, संध्याकाळी चार. च्वांगत्सच्या ग्रंथातली गोष्ट. माकडं पाळणारा म्हणतो, सकाळी तीन रानफळं देईन, संध्याकाळी चार. माकडं चिडतात. बरं, सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश. गोष्ट वाचून कोणीही म्हणेल, हे गिऱ्हाइकाला गुंडाळण्याबद्दल आहे. आज मात्र हे म्हणतात ते सारखं मन बदलणाऱ्या माणसाला, प्रेमात तर हमखास.

दुसरं, ऑफिसात समजण्यापुरतं शिका, वापरायची घाई नको. 'बैलापुढे वाद्य' म्हटलंत तर समोरचा बैल ठरतो. विहिरीतला बेडूक स्वतःला म्हणवून घ्यावा, दुसऱ्याला नाही. निघणाऱ्याला 'यी-लू-फिंग-आन', प्रवास सुखाचा होवो, आणि नव्या कामाला 'मा-दाव-छंग-गुंग', घोडा पोचताच यश, हे दोन बिनधास्त वापरा.

लोअरपरळ_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत तिसरा रकाना घातला: आज कोणाला, कोणत्या सुरात. आता एक ताजा. निंगबोच्या बाईंना मी दोन फॉरवर्डरांची, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्यांची, नावं कळवून विचारलं होतं, यातला कोण बरा? उत्तर एवढंच आलं: 'बान-जिन-बा-ल्यांग'. अर्धा जिन, आठ ल्यांग. दोघेही सारखेच, असंच ना? मग कमी भाववाला घेऊ?

माझगाव_डोंगर

थांबा, घेऊ नका. जुन्या मापात १६ ल्यांगांचा एक जिन होता, म्हणून अर्धा जिन म्हणजे आठ ल्यांग. आपला शेरही १६ छटाकांचाच, अच्छेर म्हणजे आठ छटाक. चीनने १९५९ मध्ये जिन दहा ल्यांगांचा केला, हाँगकाँगच्या बाजारात सोळाचा हिशोब अजून आहे, आणि वाक्प्रचारात तर तो कायमचाच राहिलाय.

आता तुमचा तिसरा रकाना भरा. हा बहुधा कौतुकाने म्हणत नाहीत. 'उडदामाजी काळे गोरे काय निवडावे' या सुरात म्हणतात. बाईंनी सभ्यपणे सांगितलंय की दोघांतही दम नाही. त्यांना सरळ विचारा, तुमचा माल मुंबईला नेहमी कोण आणतो, आणि त्याच्याकडून भाव मागवा.