माळ्यावर आजीची गोधडी सापडली... तुमच्याही आज्यांबद्दल लिहा

घरात रंगकाम काढलंय म्हणून काल माळा उपसला. ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, आजीची गोधडी. काम तिथेच टाकून तासभर ती वाचत बसले. वाचतच म्हणायचं, कारण तुकडा न तुकडा ओळखू येतो. आजोबांच्या धोतराचं अस्तर, आत्याच्या परकराचा खण, दादाचा चौकड्यांचा शर्ट (खिशावरचा शाईचा डागसुद्धा आहे), आणि मधोमध आजीचं हिरवं लुगडं, विटून शेवाळी झालेलं.

आम्ही पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची मागची भिंत आडवी झाली, माणसं वाचली. बाबा सांगायचे, अंगणात सगळ्यांचे दात वाजत होते, आणि आजीने आत शिरून होत्या तेवढ्या गोधड्या ओढून आणल्या नि आळीत वाटून टाकल्या. स्वतः पोतं पांघरून बसली. नंतर कुणीतरी म्हणालं, परत मागून घे. तर म्हणे, "मागायला त्या काय उसन्या दिल्यात्या?" आणि पुन्हा चिंध्या जमवायला लागली.

शेवटचा टाका घालायच्या आधी कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. काल चाचपून पाहिलं, कोपरा अजून जाड लागतो.

लिहा तुम्हीही.

शेवग्याचीशेंग: कोपऱ्यात भाकरी!! उंदीर नाही लागत?

धागाकर्ती: लागतात की. मग ती ठिगळ लावायची. त्या ठिगळाला पण फूल काढायची.

पेठेतला: आमची पानशेतच्या पुरातली. १२ जुलै १९६१, घर नारायण पेठेत, दुसरा मजला. खालच्या बिऱ्हाडांचं सगळं गेलं. आजीने तीन कुटुंबं वर घेतली, दोन खोल्यांत. पिठलं-भात, पिठलं-भात. चौथ्या-पाचव्या दिवशी आजोबा हळूच म्हणाले, अजून किती दिवस? ती म्हणाली, "तुम्ही शिकायला आलात तेव्हा वार लावून जेवलात ना याच पेठेत?" विषय संपला. त्यानंतर माझ्या वडिलांना आयुष्यभर पिठलं चाललं नाही, हा भाग वेगळा.

चिंचगूळ: 😂😂 वार लावून!! काय ठेवून दिली

कडबा: आमच्याकडं वाकळ म्हणतात. मोठीआई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. घरात नऊ तोंडं, खायला लाल मिलो ज्वारी. त्यातली अर्धी भाकरी शेजारच्या बाळंतिणीला जायची. पण मला आठवतात तिच्या ओव्या. जुन्या तर यायच्याच, पण नवीन जुळवायची. मुकादमावर एक होती, इथं लिहिता येत नाही 😀 हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. आमच्या मोठीआईचं जातं तेवढं राहिलं. आता ते फार्महाऊसवाल्या पाहुण्यानं लॉनमधी ठेवायला नेलं. जाऊ द्या.

हिरकणी७: मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. आमची आजी पण अन्नपूर्णा म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. कुणी उपाशी गेलं नाही. पण भाकऱ्या थापायची आई. रात्री दहाला चार पाहुणे आले की आजी म्हणायची, बसा, पानं घेते. पानं तीच घ्यायची, चूल आईने पेटवायची. आजी गेली तेव्हा सगळं गाव रडलं. आई नाही रडली, तेराव्याला दुपारी झोपली. मी तिला पहिल्यांदाच दुपारी झोपलेलं पाहिलं.

पेठेतला: 🙏

कडबा: ताई, खरं हाय.

चिंचगूळ: माझी आई हे वाचून म्हणाली "त्यांना माझा नमस्कार कळव"

शेवग्याचीशेंग: कुडाळची माझी आजी. चतुर्थीची माटवी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायची तर लोक मुद्दाम बघायला यायचे. कवंडळं, शेरवडं, आंब्याचे टाळे, सगळं सारखं बांधून चालायचं नाही. कवंडळ कुठे लोंबवायचं यावरून काकाला तीनदा शिडीवर चढवायची. आलेल्या माणसाला "जेवल्याशिवाय जाव नको." बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

जर्सीकर: आईने दिलेली गोधडी इकडे आणली, चार किलो भरली. २३ किलोतले चार! बायको म्हणाली लाडू काढ. नाही काढले, बूट काढले. आता थंडीत मुलं तिच्यासाठी भांडतात. एक विचारायचं होतं, ही वॉशिंग मशीनमध्ये चालते का?

हिरकणी७: अजिबात नको!! टाके उसवतील. रिठ्याचं पाणी, पायाने तुडवायची, पिळायची नाही.

जर्सीकर: बाथटबमध्ये तुडवू? रिठे इथे इंडियन स्टोअरमध्ये बघतो

शेवग्याचीशेंग: कोपऱ्यात भाकरी असेल तर आधी काढा 😀

धागाकर्ती: दादाला फोटो पाठवला. म्हणतो तो शर्ट माझा नाहीच. आमच्याकडे राहून शाळा शिकणारा एक मुलगा होता, बाबांच्या मित्राचा, आजीने दोघांना एकाच ताग्यातले शर्ट शिवले होते. त्यालाही फोटो पाठवला, तो आता लातूरला असतो. तो म्हणतो डाग दादाचाच. तासभर झाला, दोघं फोनवर भांडतायत.

हिरकणी७: रिठ्याचं पाणी कोमट घ्या हां, कडकडीत नको.